डेमोंचा अल्बम आला की समीक्षक नेमके मार्क कशाला देतात?

नववी-दहावीत असताना माझा एक उद्योग होता. घरचा टेपरेकॉर्डर आणि शेजारच्या काकूंकडून मागून आणलेला दुसरा, असे दोन समोरासमोर ठेवायचे, एकावर आधी पेटीवर बसवलेली चाल भरून घ्यायची, मग ती कॅसेट वाजवत तिच्यासोबत गायचं आणि हे दोन्ही दुसऱ्या टेपवर भरायचं, मग ती कॅसेट लावून त्यावर बिस्किटांचा डबा बडवायचा आणि ते परत पहिल्या टेपवर. तिसऱ्या फेरीपर्यंत पेटी विहिरीतून ऐकू आल्यासारखी वाटायची आणि मागे नुसतं सूंऽऽ. पण गंमत म्हणजे पहिल्या फेरीत आईच्या कुकरची शिट्टी झाली होती, ती तिन्ही फेऱ्यांत टिकून राहिली, बारीक होत गेली पण गेली नाही. ती कॅसेट अजून आहे. गाणं भिकार आहे आणि शिट्टी एक नंबर.

हे सांगायचं कारण म्हणजे होम डेमो म्हणजे काय हे यापेक्षा सोपं मला सांगता येणार नाही. गाणं लिहिणारा माणूस घरात एकटा बसून, सगळी वाद्यं स्वतःच वाजवून, एकावर एक थर चढवत गाण्याचा कच्चा खर्डा बनवतो, तो बँडला ऐकवायला, कंपनीला ऐकवायला, नाहीतर विसरू नये म्हणून स्वतःलाच. आपल्याकडे स्टुडिओत ज्याला स्क्रॅच म्हणतात त्याचाच हा चुलतभाऊ. यासाठीचं घरगुती मशीन, म्हणजे साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक भरता येतील असा पोर्टास्टुडिओ, जपानच्या टीॲक कंपनीने टास्कॅम नावाखाली १९७९ मध्ये बाजारात आणला. चारपैकी तीन ट्रॅक भरायचे, ते तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे, की पहिले तीन परत मोकळे. फक्त दर वेळी आवाज थोडा मरतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा.

आता प्रश्न असा की हे कच्चे खर्डे पंधरा वर्षांनी कोणी सीडी करून विकायला काढले आणि पेपरवाल्यांनी त्याचा रिव्ह्यू लिहिला, तर त्यांनी मार्क द्यायचे कशाला? नाटकवाल्या भाषेत सांगायचं तर समीक्षकाला प्रयोगाचं नाही, तालमीचं परीक्षण करायला बसवलंय. तालमीत नट चुकला तर ते चुकणं धरायचं का? आणि तालमीत प्रयोगापेक्षा भारी झालं तर ते कोणाच्या खात्यात जमा करायचं?

यासाठी एक केस घेऊ, माझी आवडती. अमेरिकेतला वीझर नावाचा रॉक बँड, त्याचा गाणी लिहिणारा आणि गाणारा रिव्हर्स क्वोमो, आणि त्याने १८ डिसेंबर २००७ ला काढलेला 'अलोन' नावाचा, घरी केलेल्या रेकॉर्डिंग्जचा अल्बम. १८ गाणी, १९९२ ते २००७ मधली, पण बहुतेक नव्वदच्या दशकातली. सोबत एक पुस्तिका, ज्यात प्रत्येक गाण्यामागची हकिगत त्याने स्वतः लिहिलेली. ही पुस्तिका लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वीझर माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसला बँड बनला, १९९४ मध्ये पहिला अल्बम आला, निळं कव्हर म्हणून सगळे त्याला ब्लू अल्बमच म्हणतात, आणि तो तुफान चालला. त्यातल्या 'बडी हॉली' गाण्याचा व्हिडिओ मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या सीडीवर टाकला होता, त्यामुळे त्या काळात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला त्यातल्या बऱ्याच जणांनी हा बँड कुठला वगैरे काही माहीत नसताना तो व्हिडिओ पाहिलाय. मी पण त्यातलाच. मग १९९६ मध्ये दुसरा अल्बम 'पिंकर्टन', जास्त खरखरीत, जास्त उघडावाघडा, जवळजवळ डायरीच, आणि तो आपटला. रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांनी वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बमच्या मतदानात त्याला वरचं स्थान दिलं. क्वोमोने इतकं मनाला लावून घेतलं की पुढे २००१ च्या सुमाराला तो स्वतःच या अल्बमबद्दल लाज वाटल्यासारखं बोलत होता. आणि मग चक्र फिरलं. त्याच मासिकाच्या वाचकांनी २००२ मध्ये त्याला सार्वकालिक अल्बमच्या यादीत १६ व्या नंबरवर बसवलं, २००४ मध्ये मासिकानेच पाच स्टार देऊन नवीन रिव्ह्यू छापला, जिथे १९९६ मध्ये तीन दिले होते. अल्बम तोच बरं का, एक सूरही बदललेला नाही.

तोपर्यंत बँड मात्र वेगळीकडे गेलेला. गाणी गुळगुळीत, रेडिओला चालतील अशी. २००५ चा 'मेक बिलीव्ह' आला तेव्हा पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साइटने त्याला दहापैकी ०.४ दिले. शून्य पॉइंट चार! म्हणजे नापास केलं एवढ्यावर न थांबता पेपर फाडून हातात दिला. आणि याच्या अडीच वर्षांनी 'अलोन' आला, ज्यात बहुतेक गाणी त्या जुन्या, सगळ्यांना हव्याहव्याशा काळातली.

रिव्ह्यू एकंदरीत चांगले आले. सूर साधारण असा होता, की चाहत्यांसाठी हा खजिना आहे, बाकीच्यांनी ऐकला नाही तरी चालेल, क्वालिटी वरखाली आहे, पण त्या काळात या माणसाकडे चाली कशा धो धो येत होत्या बघा. वाचताना ते कौतुक वाटतं. पण त्यातल्या 'त्या काळात' या दोन शब्दांवर बोट ठेवा, सगळी मेख तिथे आहे. माझं स्पष्ट मत आहे की 'अलोन'ला मिळालेले बरेचसे मार्क हे डेमोंना मिळालेलेच नाहीत, ते २००१ नंतरच्या वीझरचे कापलेले मार्क आहेत, जे इकडे जमा केले. घरात नवी सून कशी वागते हे सांगायला जुन्या सुनेचं कौतुक करतात ना, तसला प्रकार. समीक्षक म्हणतोय 'किती छान होतं हे' आणि बघतोय दुसरीकडे.

यात समीक्षकांची फार चूक आहे असंही नाही. डेमोचं मोजमाप करायला आपल्याकडे पट्टीच नसते, म्हणून हाताला लागेल ती पट्टी आपण घेतो, आणि सगळ्यात जवळची पट्टी म्हणजे त्याच माणसाचे पक्के अल्बम.

आता एक गाणं अगदी जवळून बघू, 'बडी हॉली'च. 'अलोन'मध्ये याचा १९९३ चा घरचा डेमो आहे. पक्क्या अल्बममधलं गाणं कसं, पहिल्या सेकंदाला गिटार अंगावर येते, पावणेतीन मिनिटांच्या आत विषय खल्लास, आणि ते 'ऊ-वी-ऊ' डोक्यात घुसतं ते आठवडाभर निघत नाही. डेमो त्याच्यापेक्षा हळू आहे. चाल तीच, शब्द तेच, ऊ-वी-ऊ पण जागेवर आहे, पण वेग कमी असल्यामुळे गाण्याचा चेहराच बदलतो, गाणारा ऐटीत न वाटता जरा बिचारा वाटतो, मित्र आपल्या मैत्रिणीला हसतात म्हणून त्याला खरंच वाईट वाटलंय असं वाटतं. पक्क्या गाण्यात ते वाईट वाटणं गिटारखाली दडपलं गेलंय.

आणि याला जोडून एक माहीत असलेली गोष्ट, की क्वोमोला हे गाणं त्या अल्बममध्ये घ्यायचंच नव्हतं, त्याला ते जरा पाचकळ वाटत होतं. प्रोड्युसर रिक ओकासेक मागे लागला, तो स्वतः द कार्स बँडमधला कसलेला माणूस, त्याने हट्ट धरला की हे गाणं पाहिजेच. डेमो ऐकल्यावर दोघांचंही पटतं हो. त्या हळू चालीत क्वोमोला शंका का आली हे कळतं, आणि तरी ओकासेकला त्यात काय दिसलं हेही कळतं. मला विचाराल तर डेमो अल्बमचा खरा उपयोग हाच, गाणं चांगलं की वाईट हे बाजूला ठेवा, गाण्याबाबत कोणीतरी एक निर्णय घेतला आणि त्या निर्णयाच्या आधीची बाजू आपल्याला ऐकायला मिळते. पण 'निर्णय ऐकू आला' याला स्टार कसे देणार? तीन की साडेतीन?

त्यामुळे रिव्ह्यूत काय होतं, की चार वेगवेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या जातात. गाणं म्हणून ते कसंय, रेकॉर्डिंग कसंय, इतक्या साठ्यातून निवड कशी केलीय, आणि त्यातून गाणाऱ्याबद्दल काय कळतं. पहिल्यात पास, दुसऱ्यात काठावर, तिसऱ्यात भांडण, चौथ्यात डिस्टिंक्शन असा विद्यार्थी असेल तर त्याचं ॲव्हरेज काढून काय मिळणार! त्यात मेटाक्रिटिकसारख्या साइट अजून एक ॲव्हरेज काढतात, सगळ्या पेपरांचे स्टार, ग्रेड, दहापैकी मार्क हे सगळं शंभरात बदलायचं आणि त्याची सरासरी, तीही सरळ सरासरी नाही, कोणाच्या मताला जास्त वजन आणि कोणाच्या कमी. एक म्हणतोय चाहत्यांसाठी सोनं, एक म्हणतोय बाकीच्यांसाठी माती, आणि सरासरीत येतं पितळ. जे कोणीच म्हटलेलं नाही.

निवडीचं भांडण जरा विस्ताराने सांगतो, कारण 'अलोन'मध्ये सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच होती. ब्लू अल्बम नंतर, १९९४-९५ मध्ये, क्वोमो एक रॉक ऑपेरा लिहीत होता, 'साँग्ज फ्रॉम द ब्लॅक होल'. आपल्या संगीत नाटकासारखं समजा, पण अंतराळात. साल २१२६, बेट्सी टू नावाचं यान, निघालंय नोमिस नावाच्या ग्रहाकडे, नायक जोनास म्हणजे क्वोमो स्वतः, बाकी बँडवाले आणि ओळखीच्या गायिका इतर पात्रं, आणि एक रोबोटसुद्धा. वरवर स्पेसशिप, आतून सगळी कथा एका मुलाची जो अचानक रॉकस्टार झालाय आणि त्याला कळत नाहीये की हेच हवं होतं का आपल्याला. मग तो हार्वर्डला शिकायला गेला, एक पाय आखूड होता त्याचं वेदनादायक ऑपरेशन झालं, मूड बदलला, यान वाटेतच राहिलं आणि त्या साहित्यातून थोडं घेऊन 'पिंकर्टन' झाला. पुढची बारा-तेरा वर्षं चाहत्यांनी या न झालेल्या नाटकाची नावं, क्रम, तुकडे जुळवत काढली, एवढा अभ्यास दहावीला केला असता तर बोर्डात आले असते.

'अलोन'मध्ये या ऑपेराचे चार-पाचच तुकडे आले. 'ब्लास्ट ऑफ', 'सुपरफ्रेंड' वगैरे. आणि तिथे दोन तट पडले. ज्याला इतिहास माहीत नाही अशा समीक्षकाला ते मधेच सुरू होऊन मधेच संपणारे विचित्र तुकडे वाटणार, कोण हे लोक, कुठे चाललेत, का ओरडतायत. ज्याला माहीत आहे त्याला ते सोनं, आणि त्याच श्वासात तक्रार, की मग सगळं का नाही दिलं? एकाच तुकड्यावर एकाच वेळी 'हे कशाला दिलं' आणि 'अजून का नाही दिलं'. पुढच्या नोव्हेंबरात, २००८ मध्ये, 'अलोन टू' आला त्यात अजून थोडे तुकडे आले, आणि २०११ मध्ये 'पिंकर्टन'च्या काळातल्या डायऱ्यांच्या पुस्तकासोबत तिसरा भाग. हप्त्याहप्त्याने. मला वाटतं क्वोमोला हे बरोबर कळत होतं, की अख्खं दिलं तर ती दंतकथा संपेल आणि उरेल एक अर्धवट नाटक.

आता ती पुस्तिका. निवड त्याची, क्रम त्याचा, आणि वर हकिगतीही त्याच्याच. म्हणजे कच्चा माल म्हणून जे आपल्यासमोर येतं तो कच्चा नसतोच, व्यवस्थित चाळून पाखडून दिलेला असतो. उदाहरणार्थ 'वांडा' नावाचं गाणं. ते त्याने 'अँगस' या १९९५ च्या सिनेमासाठी लिहिलेलं आणि सिनेमावाल्यांनी नको म्हटलं, सिनेमाची गोष्टच गाण्यात जशीच्या तशी सांगितली म्हणून, आणि त्याच बँडचं दुसरं गाणं घेतलं. नुसतं ऐकलं तर एक बरं हळुवार गाणं. ही हकिगत वाचून ऐकलं की नाकारलेल्या माणसाचं गाणं. कान तोच, पण वाचलेल्याने कानात काहीतरी भरलं. समीक्षकसुद्धा पुस्तिका वाचूनच लिहितात, आणि त्यांनी गाण्याला दिलेल्या मार्कांत पुस्तिकेचे किती हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी स्वतः आधी फक्त एमपीथ्री ऐकले, पुस्तिका फार नंतर वाचली, आणि तीन-चार गाण्यांबद्दलचं माझं मत सरळ उलटं झालं, त्यामुळे मी काय बोलणार.

या प्रकाराचा आद्यपुरुष क्वोमो नव्हे. तो मान माझ्या मते द हू बँडच्या पीट टाउनशेंडला, आणि इथे एक आपल्या अंगणातली गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. टाउनशेंड साठच्या दशकापासून घरच्या स्टुडिओत डेमो करायचा, ते इतके पूर्ण असायचे की गिटार, बास, पियानो, ड्रमसुद्धा स्वतः वाजवायचा. तो मेहेर बाबांचा भक्त. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेले, १० जुलै १९२५ पासून शेवटपर्यंत मौन पाळलेले मेहेर बाबा, ज्यांची समाधी नगरजवळ मेहेराबादला आहे, अरणगावच्या टेकडीवर. ३१ जानेवारीला अमरतिथीला तिथे देशोदेशीचे लोक येऊन मौन धरून बसतात, नगरकरांना यात नवीन काही नाही. तर या बाबांच्या भक्तांसाठी लंडनमध्ये थोड्या प्रती काढलेल्या खाजगी रेकॉर्ड्स होत्या, १९७० मध्ये आणि १९७२ मध्ये, त्यात टाउनशेंडची घरी केलेली गाणी होती. त्यांच्या चोरट्या प्रती बाजारात फिरायला लागल्या, म्हणून कंपनी म्हणाली की रीतसरच काढू या, आणि १९७२ मध्ये त्याचा पहिला सोलो अल्बम 'हू केम फर्स्ट' आला, त्यात 'परवरदिगार' ही बाबांच्या प्रार्थनेवरची रचनाही आहे. त्याच वर्षी तो समाधीच्या दर्शनाला नगरला येऊन गेला. म्हणजे एका मोठ्या रॉकवाल्याची घरगुती रेकॉर्डिंग्ज दुकानात पोचली त्याचं मूळ शोधत गेलो तर एसटी नगरला थांबते.

आणि 'बाबा ओ'रायली' हे गाणं तर कोणीही ऐकलेलं असतं, त्यातले बाबा म्हणजे हेच मेहेर बाबा. सुरुवातीला जो ऑर्गनचा गरगर फिरणारा आवाज आहे तो टाउनशेंडच्या घरच्या डेमोचाच आहे, बँड स्टुडिओत त्या टेपसोबत वाजवला. डेमो कुठे संपतो आणि रेकॉर्ड कुठे सुरू होते हे या गाण्यात कात्री घेऊन बसलात तरी वेगळं करता येणार नाही.

मग १९८३ मध्ये त्याने 'स्कूप' नावाचा डबल अल्बम काढला, नुसत्या डेमोंचा आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचा, गाण्यांबद्दल स्वतःची टिपणं लिहून. १९८७ मध्ये दुसरा आणि २००१ मध्ये तिसरा भाग. क्वोमोने पंचवीस वर्षांनी जे केलं त्याचा साचा हाच, माणसाने स्वतः निवडायचं, स्वतःच समजावून सांगायचं आणि हप्त्यांत द्यायचं. मजा म्हणजे टाउनशेंडचंही एक अर्धवट राहिलेलं भविष्यकाळातलं रॉक नाटक आहे, 'लाइफहाउस', ज्याच्या अवशेषांतून १९७१ चा 'हूज नेक्स्ट' झाला. आणि 'स्कूप' आला तेव्हा द हू नुकताच निरोपाचा दौरा करून थांबल्यात जमा होता. म्हणजे तीच परिस्थिती, चालू बँडची आशा संपली की लोक खर्डे उकरायला लागतात आणि अचानक खर्डे छान वाटायला लागतात.

पण टाउनशेंडच्या बाबतीत समीक्षकाचं काम एका अर्थी सोपं होतं. हूमध्ये गायचा रॉजर डाल्ट्री, त्यामुळे 'बिहाइंड ब्लू आइज' टाउनशेंडच्या आवाजात ऐकलं की फरक शेंबड्या पोरालाही कळतो, एक छाती काढून गातो आणि एक खिडकीशी बसून. वीझरमध्ये डेमोतही क्वोमो आणि अल्बममध्येही क्वोमोच. फरक बारीक, आणि बारीक फरकाचा रिव्ह्यू लिहायला शब्दसंख्याही लागते, ती पेपरात मिळत नाही.

(भारतीय गुरूंच्या बाबतीत क्वोमोही टाउनशेंडच्या मागे नाही, तो लहानपणी योगगुरू स्वामी सच्चिदानंदांच्या अनुयायांच्या आश्रमात वाढला आणि मोठेपणी गोएंका गुरुजींच्या परंपरेतली विपश्यना करायला लागला, जिचं मुख्य केंद्र आपल्या इगतपुरीला. नगर-नाशिक केल्याशिवाय या लोकांचे डेमो होत नाहीत की काय कोण जाणे.)

कोणी म्हणेल की अरे, अमेरिकन गायक स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का' अल्बमला तर डेमो असूनही डोक्यावर घेतलं, मग पट्टी नाही कशी? तो अपवाद नीट बघितला पाहिजे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्याच चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर गाणी भरली, कॅसेट डबीशिवाय जीन्सच्या खिशात घेऊन फिरत होता, बँडबरोबर तीच गाणी पुन्हा करून बघितली, जमली नाहीत, शेवटी कॅसेटच रेकॉर्ड म्हणून काढली, त्याच वर्षी सप्टेंबरात. म्हणजे तिथे प्रयोग झालाच नाही, तालीम हाच प्रयोग. तुलनेला दुसरं काही नव्हतं म्हणून समीक्षकांनी ती सरळ अल्बम म्हणून ऐकली. 'अलोन' तशी सोय देत नाही, त्याच्या मागे पंधरा वर्षांचा बँड उभा आहे आणि पुढेही.

तारखेचाही फटका बसला असणार असं मला वाटतं. १८ डिसेंबर ही काय अल्बम काढायची तारीख आहे? वर्षातले सर्वोत्तम अल्बम वगैरे याद्या तोपर्यंत लिहून तयार असतात, समीक्षक सुट्टीवर निघालेले, आणि पुढच्या वर्षीच्या यादीपर्यंत कोण आठवण ठेवतो. कंपनीच्या हिशेबाने हे नाताळात चाहत्याला देण्याचं गिफ्ट होतं. गिफ्टचा कोणी रिव्ह्यू करत नाही, घेतो आणि थँक्यू म्हणतो, आणि खरं सांगू का, बरेचसे रिव्ह्यू तसेच आहेत.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र 'अलोन टू'मध्ये आहे, 'कान्ट स्टॉप पार्टीइंग'. शब्द सगळे पार्टीचे, दारू, क्लब, पोरी, थांबताच येत नाही वगैरे. डेमोत क्वोमो ते नुसत्या ॲकॉस्टिक गिटारवर, पडलेल्या आवाजात गातो, आणि 'थांबता येत नाही' हे शब्द ऐकताना पोटात खड्डा पडतो, कारण व्यसनी माणूस पण हेच म्हणतो. वर्षभराने, २००९ मध्ये, तेच गाणं वीझरच्या 'रॅडिट्यूड' अल्बममध्ये आलं, ठोक्यावर नाचायचं, मधे लिल वेनचा रॅप, फुल टू धिंगाणा. शब्द जवळपास तेच, पण पोटातला तो खड्डा गेला. ज्याने डेमो आधी ऐकला होता त्याला हे गाणं नासवलं असं वाटणार, ज्याने नाही ऐकला त्याला एक उथळ पार्टी साँग, आणि क्वोमोच्या डोक्यात बहुतेक दोन्ही एकाच वेळी होतं. म्हणजे आतापर्यंत डेमोचे मार्क पक्क्या गाण्याकडे बघून दिले जात होते, इथे उलटं झालं, पक्कं गाणं डेमोकडे बघून नापास झालं. आपलाच खर्डा आपल्या अंगावर आला.

आणि मग २०२०. लॉकडाउनच्या वर्षी क्वोमो ऑनलाइन प्रोग्रॅमिंगचा हार्वर्डचा कोर्स करत होता, पन्नाशीत, आणि त्याचा फायनल प्रोजेक्ट म्हणून त्याने स्वतःची साइट बनवून तिथे २,४०० च्या वर डेमो विकायला ठेवले, अगदी लहानपणापासूनचे, कालखंडाप्रमाणे गठ्ठे करून, गठ्ठा ९ डॉलरला. चाळणी नाही, पुस्तिका नाही, १८ गाण्यांचा क्रम नाही. चाहते वर्षानुवर्षं जे मागत होते ते सगळं, एकदम, रद्दीच्या भावात.

याला कोणी किती स्टार द्यायचे? रोज पाच ऐकले तरी सव्वा वर्ष लागेल आणि तोवर डेडलाइन गेली. बातम्या आल्या, कौतुक झालं ते प्रोग्रॅमिंगचं, ज्याला रिव्ह्यू म्हणता येईल तसं मला तरी काही वाचायला मिळालं नाही. मी स्वतः एक गठ्ठा घेतला, नव्वदच्या सुरुवातीचा, आणि पंधरा-वीस तुकड्यांनंतर परत जाऊन 'अलोन' लावला, कारण तिथे निदान पुढे काय येणार ते माहीत आहे.

सुरुवात करायची असेल तर पहिल्या गाण्यापासून नको. आधी ब्लू अल्बममधलं 'बडी हॉली', लगेच डेमो, मग 'लाँगटाइम सनशाइन', ते १९९४ चं आहे, पियानोवरचं, सगळं सोडून कुठेतरी लांब जाऊन राहावं असं वाटणाऱ्या चोविशीतल्या पोराचं. आइस क्यूबचं रॅप गाणं त्याने केलंय ते पहिल्या वेळी सरळ सोडा. हेडफोन लावून ऐका, खोलीचा आवाज ऐकू येतो.